श्वसन-नियामक, पाणबुड्याचा
पाठीवरील टाकीतील संपीडित हवा भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाने व मागणीनुसार पाणबुड्यास पुरविणारे साधन. झाक ईव्ह कूस्तो व एमील गान्यां या फ्रेंचांनी १९४३ मध्ये त्याचे व्यवहार्य रूप सिद्ध केले. खोल पाण्यात श्वास जड येऊ लागणे, हा या साधनाच्या वापरातील एक गंभीर दोष होय.

रचना : भरलेल्या टाकीत हवेचा दाब सामान्यतः सु. २०० वातावरण असतो. टाकीवर बसविलेला पहिला टप्पा तो उतरवून भोवतालच्या दाबापेक्षा सु. ९ ते १० वातावरण अधिक असा मध्यम दाब राखतो. ही हवा नळीतून तोंडाशी असलेल्या दुसऱ्या टप्प्यात येते. श्वास घेताच तेथील लवचिक पटल आत ओढले जाते, तरफ दबते व झडप उघडते.

खोलीचा परिणाम : समुद्रात दर १० मी. खोलीस दाब सु. एका वातावरणाने वाढतो. ३० मी. खोलीवर तो चार वातावरण होतो; हवेची घनता चौपट होते व प्रत्येक श्वासास चौपट हवा लागते. त्यामुळे उथळ पाण्यात न जाणवणारा अडथळा तेथे उघड होतो. कोल्हापूरचा रंकाळा तलाव किंवा मालवण-तारकर्लीचा उथळ किनारा येथे निर्दोष भासलेले साधन विजयदुर्गच्या पश्चिमेस भर समुद्रात असलेल्या आंग्रिया बँक या बुडालेल्या पठारावर अपुरे पडू शकते.

दोषनिदान : श्वास घेताना दाबमापकाचा काटा खाली झुकत असल्यास दोष मापकाच्या अलीकडे असतो : टाकीची झडप अर्धवट उघडलेली असते किंवा पहिल्या टप्प्याची गाळणी तुंबलेली असते. गाळणीवरील हिरवट थर खारे पाणी शिरल्याचे, तांबूस थर पोलादी टाकीतील गंजाचे, तर काळा थर संपीडकाच्या शोषक कोळशाच्या भुकटीचे लक्षण समजतात. काटा स्थिर राहिल्यास पर्यायी दुसऱ्या टप्प्यातून श्वास घेऊन पाहतात. तोही जड असल्यास पहिल्या टप्प्याचा मध्यम दाब कमी असण्याचा संभव असतो. एकच जड असल्यास त्याची नळी, तरफ किंवा झडपेचे समायोजन तपासतात. काही साध्या, असंतुलित रचनांत टाकी रिकामी होत जाते तसा श्वास अधिक जड होतो.

साधन निर्दोष असूनही धाप लागू शकते. अतिश्रम किंवा उथळ, घाईचे श्वसन यांमुळे शरीरात कार्बन डाय-ऑक्साइड साठतो व हवा पुरत नसल्याची भावना होते. अशा वेळी काम थांबवून सावकाश व पूर्ण उच्छ्‌वास सोडणे हा पहिला उपाय होय.

पाण्याखालील कृती : दुरुस्तीचा प्रयत्न पाण्याखाली करीत नाहीत. सोबत्यास खूण करून पर्यायी हवा घेतात व श्वास न रोखता सावकाश वर येतात. श्वास रोखल्यास प्रसरण पावणाऱ्या हवेने फुप्फुसे फाटण्याचा धोका असतो.

निगा : वापरानंतर पहिल्या टप्प्याचे झाकण घट्ट बसवून साधन गोड्या पाण्यात भिजवितात. या वेळी साधनात हवेचा दाब नसल्यास दुसऱ्या टप्प्याची कळ दाबू नये, अन्यथा पाणी नळीत शिरते. मध्यम दाबाची मोजणी व अंतर्भागाची दुरुस्ती प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करवून घेणे आवश्यक असते.