अनुशेष भरतो कशाने?



मंडळाच्या गेल्या चहापानाला एका घरचा विषय निघाला. मुलगी पुढच्या वर्षी लीव्हिंग सर्टला बसणार. (लीव्हिंग सर्ट म्हणजे इथली बारावी, पण कासलबारात तो बहुधा गाव सोडल्याचाच दाखला ठरतो!) तिच्याबरोबर सगळ्यांनीच डब्लिनला बिऱ्हाड हलवावे का, असा त्या घरात खल चालू आहे. "इथे ठेवलंय काय?" असे कोणीतरी म्हणाले आणि आम्हांला आमचे भंडाऱ्याकडचे बालपण आठवले. तिथेही मोठी माणसे हेच म्हणत, फक्त डब्लिनच्या जागी पुणे असे. 'अनुशेष' हा शब्दही त्याच वयात कानावर पडला. आम्ही पेशाने रसायनशास्त्राचे, अर्थशास्त्रात आमची गती बेताचीच. तरी मागे पडलेला मुलूख सरकारी मदतीने पुढे येतो का, हे डोळ्यांसमोरच्या मेयोवरून पाहू या.

मेयोची गरिबी जुनी. १८४१ च्या जनगणनेत या काउंटीत ३ लाख ८८ हजार माणसे होती. आधी बटाट्याचा दुष्काळ आणि मग शंभरावर वर्षे चाललेली परदेशगमनाची रीघ, यांमुळे १९७१ मध्ये ती १ लाख ९ हजारांवर आली. पश्चिमेच्या दरिद्री भागासाठी १८९१ मध्ये 'कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्ड' नावाचे खास मंडळ निघाले. त्याच्या कर्जाच्या आधाराने १८९२ मध्ये फॉक्सफर्डला नन्सनी लोकरीची गिरणी काढली. १९८७ मध्ये ती डबघाईला आली, पण सावरली आणि आजही चालू आहे.

मोठा पैसा आला तो युरोपकडून. आयर्लंड १९७३ मध्ये युरोपीय समुदायात गेला. दरडोई उत्पन्न समुदायाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांखाली असेल त्या भागाला सर्वाधिक मदत, असा नियम होता. १९८९ पासून सबंध देशच त्या यादीत होता, कारण इथले उत्पन्न सरासरीच्या सुमारे दोन-तृतीयांश होते. नव्वदचे दशक संपता संपता आयर्लंडने ती सरासरी ओलांडली. पण हे एकट्या निधीने झाले नाही. १९६७ पासूनचे मोफत माध्यमिक शिक्षण, सत्तरीत निघालेली प्रादेशिक तंत्रमहाविद्यालये, कंपन्यांवरचा कमी कर आणि १९९३ ची एकसंध युरोपीय बाजारपेठ, हे सारे जोडीला होते. आमच्या भाषेत निधी हा उत्प्रेरक. तो क्रियेचा वेग वाढवतो, पण भांड्यात मूळ द्रव्येच नसतील तर नुसता उत्प्रेरक घालून काय होणार?

आणि देश पुढे गेला म्हणून मेयो डब्लिनच्या बरोबरीला आला, असेही नाही. १९९९ मध्ये देशाचे दोन विभाग करून आपला विभाग २००६ पर्यंत मागासांच्या यादीत ठेवला गेला. पुढे तो 'अधिक विकसित' ठरला आणि २०२१ ते २०२७ या काळासाठी पुन्हा एक पायरी खाली येऊन 'संक्रमणातला' झाला. मेयोतल्या घरांचे उत्पन्न आजही देशाच्या सरासरीखालीच आहे. मात्र माणसे परतली. २०२२ च्या जनगणनेत काउंटीची वस्ती सुमारे १ लाख ३८ हजार भरली. त्यात आपलीही घरे आली!

कारखान्यांची कथा पाहा. १९७७ मध्ये किल्लालाला जपानी असाही कंपनीचा ॲक्रिलिक धाग्याचा कारखाना सुरू झाला. कच्चा माल आगगाडीने बॅलिनापर्यंत यायचा. १९९७ मध्ये त्याला कुलूप लागले. त्याच १९७७ साली वेस्टपोर्टला ॲलर्गन आली. तो कारखाना आता ॲबव्हीचा आहे आणि जगभर जाणारे बोटॉक्स तिथे बनते. धागा दुसरीकडे स्वस्तात निघू शकतो. औषधाला लागणारी शुद्धता, तपासणी आणि सरावलेले हात मात्र सहजासहजी उचलून नेता येत नाहीत. अनुदान दोन्हीकडे पोचेल, पण मुळे धरतात ती कौशल्याने, असे आम्हांला वाटते.

आता आपल्या घराकडे वळू. १९५३ चा नागपूर करार आणि १९५६ च्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३७१ (२), म्हणजे कागदावरची हमी जुनीच. १९८४ मध्ये दांडेकर समितीने अनुशेष मोजला, तो सुमारे ३,१८७ कोटी रुपये. १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक विकास मंडळे आली. १९९७ च्या मोजणीत आकडा निघाला सुमारे १४,००० कोटी. भाव आणि निकष बदलले हे खरे, पण दरी बुजली असे कोण म्हणेल? मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ ची. मूळ अंदाज ३७२ कोटींचा, तो पुढे १८ हजार कोटींवर गेला. आपण अनुशेष रुपयांत मोजला. शेतात पाणी पोचले का, पोरगा गावात राहिला का, ही मोजणी मागेच राहिली.

म्हणून आमचे मत असे : मदतीने मागास मुलूख उठून उभा राहतो, पण पुढच्याला गाठायचे तर तिथे टिकणारी माणसे हवीत आणि हिशेब विचारणारीही हवीत. डब्लिनला जाणाऱ्यांना आम्ही नावे ठेवत नाही. आम्ही स्वतः भंडारा सोडूनच आलो, बोलणार कोणत्या तोंडाने? पण इथे आहोत तोवर एक गोष्ट करता येईल. आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीत मत द्यायला इथले नागरिकत्व लागत नाही. अठरा वर्षे पूर्ण असलेला, इथे राहणारा कोणीही नाव नोंदवू शकतो, खिशात भारतीय पासपोर्ट असला तरी. गेली निवडणूक जून २०२४ मध्ये झाली, पुढची २०२९ मध्ये. रस्ता, बस, आगगाडी, मुलांसाठी कासलबारातच जास्त अभ्यासक्रम, हे मागायला दारी येणाऱ्या उमेदवाराइतके सोयीचे माणूस नाही.

पुढच्या चहापानाला आम्ही नोंदणीचे अर्ज घेऊन येतो. चिवडा तुमच्याकडे लागला.