नियम कुणासाठी?

आम्ही जेवायला बसलो की आमचा मोती ताटाशी येऊन बसायचा. आधी नुसता बघायचा, मग पंजा मारायचा, शेवटी भुंकायचा. दहा वेळा हाकलल्यावर अकराव्या वेळी कुणीतरी पोळीचा तुकडा टाकायचं. ‘इतकं सांगून याला कळत कसं नाही?’ असा प्रश्न आम्हांला पडे. खरं तर त्याला नेमकं कळलं होतं. चिकाटी धरली की पोळी मिळते!

एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १८९८ साली मांजरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पेटीत कोंडलेल्या मांजराला एखाद्या कृतीनं बाहेर पडता आलं आणि खाणं मिळालं, तर पुढच्या खेपांना ती कृती ते अधिक लवकर करी. पुढे बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट दिसली. बक्षीस दर वेळी न देता अधूनमधून दिलं, तर ते बंद झाल्यावरही प्राणी ती कृती जास्त काळ करत राहतो. म्हणजे ‘कधीतरी एखादा तुकडा’ देऊन मोतीचा हट्ट आम्हीच पक्का केला होता.

‘पण चूक केल्यावर तो मान खाली घालतो, म्हणजे त्याला समजतं ना?’ अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ पाळीव कुत्र्यांवर हे तपासून पाहिलं. कुत्र्यानं मनाई केलेला खाऊ खाल्ला असो वा नसो, मालक रागावला की तो ‘अपराधी’ चेहरा जास्त दिसे. आपण जिला कबुली समजतो, ती आपल्या रागाला दिलेली प्रतिक्रिया असते.

ही चूक धोक्याचीही ठरू शकते. मोती खात असताना आमची पुतणी जवळ गेली, तेव्हा तो गुरगुरला आणि आम्ही त्याला रट्टा दिला. गुरगुरणं ही ‘दूर राहा’ अशी सूचना असते. मारानं सूचना बंद होते, भीती मात्र तशीच राहते. असा कुत्रा पुढे न गुरगुरताच चावू शकतो.

मग आम्ही घरात नियम ठरवले. ताटातलं कुणीही द्यायचं नाही, आजीनंसुद्धा! जेवताना मोतीनं गोणपाटावर बसायचं; बसला की शाबासकी आणि त्याच्या भांड्यात खाऊ. सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा : ‘बस’. खाणाऱ्या किंवा झोपलेल्या कुत्र्याला मुलांनी हात लावायचा नाही. (कुत्रा चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवावी आणि लगेच डॉक्टरांकडे जावं.)

पहिले काही दिवस भुंकणं वाढलं. जुना उपाय चालेनासा झाला की प्राणी तोच अधिक जोरानं करून पाहतो. इथंच बहुतेक घरं हार मानतात. आम्ही टिकलो आणि मोती गोणपाटावर बसू लागला.

विद्यार्थ्यांना एक काम देता येईल. घरच्या किंवा शेजारच्या कुत्र्याकडे आठवडाभर दुरूनच पाहा. त्यानं काय केलं, त्याआधी काय घडलं आणि त्यानंतर त्याला काय मिळालं, हे तीन रकान्यांत लिहा. तिसरा रकाना वाचला, की नियम आधी कुणी पाळायला हवेत ते आपोआप कळेल.