कॉर्व्हेटचा मूळ अलार्म

शेव्हरोले कॉर्व्हेट या अमेरिकी स्पोर्ट्‌स कारची तिसरी पिढी १९६८ ते १९८२ या मॉडेल-वर्षांत विकली गेली, आणि तिच्या पहिल्याच वर्षी ग्राहकाला २६.३५ डॉलर जादा मोजून कारखान्यातच बसवलेला चोरीविरोधी अलार्म घेण्याची सोय होती. ‘यूए६’ या सांकेतिक नावाने नोंदवला जाणारा हा पर्याय त्या वर्षीच्या साडेअठ्ठावीस हजारांहून अधिक गाड्यांपैकी अवघ्या ३८८ गाड्यांत बसवला गेला. पुढच्याच वर्षी हा आकडा १२,४३६ वर पोहोचला, आणि १९७२ पासून अलार्म प्रत्येक कॉर्व्हेटच्या नेहमीच्या सामग्रीतच धरला जाऊ लागला. आज या गाड्या जतन करणाऱ्यांचे लक्ष इंजिन, रंग आणि गाद्या यांच्याकडे आधी जाते, हे स्वाभाविक आहे. अलार्म मात्र पुष्कळदा तारा तोडून तसाच सोडून दिलेला आढळतो, कारण अवेळी वाजून आधीच्या एखाद्या मालकाला त्याने हैराण केलेले असते.

यंत्रणेची रचना साधी आहे आणि तिच्यात इलेक्ट्रॉनिक असे काही नाही. सुरुवातीच्या गाड्यांत मागच्या दिव्यांच्या पट्ट्यावर एक छोटे गोल कुलूप असे आणि ते पोकळ नळीसारख्या वेगळ्या किल्लीने फिरवले की अलार्म सज्ज होई. दारांच्या चौकटीत आणि बॉनेटखाली खटक्याचे स्विच बसवलेले असतात. दार किंवा बॉनेट बंद असताना खटका दाबलेला राहतो आणि उघडताच तो बाहेर येऊन मंडल पूर्ण करतो. तेवढ्याशा प्रवाहाने रिले, म्हणजे विद्युतचुंबकाने ओढला जाणारा स्विच, चालू होतो आणि हॉर्नला बॅटरीचा पूर्ण प्रवाह देतो. रिलेची जोडणी अशी केलेली असते की एकदा ओढला गेल्यावर तो स्वतःच्याच प्रवाहावर तसाच धरून राहतो. त्यामुळे चोराने घाईघाईने दार लावून घेतले तरी हॉर्न थांबत नाही, त्यासाठी मागच्या कुलपात किल्लीच फिरवावी लागते.

दुरुस्ती करणाऱ्याची खरी परीक्षा होते ती ‘अर्थ’च्या, म्हणजे प्रवाहाच्या परतीच्या मार्गाच्या, बाबतीत. पोलादी पत्र्याच्या गाडीत बॅटरीचे ऋण टोक बॉडीला जोडलेले असते आणि प्रत्येक दिव्याचा वा हॉर्नचा प्रवाह परत येताना त्या पत्र्यातूनच येतो, म्हणून परतीची वेगळी तार टाकावी लागत नाही. कॉर्व्हेटची बॉडी मात्र फायबरग्लासची, म्हणजे काचतंतू आणि रेझिन यांची असते, आणि तिच्यातून वीज मुळीच वाहत नाही. प्रवासी कक्षाभोवतीचा पोलादी सांगाडा आणि खालची चॅसी एवढाच धातूचा आधार असल्याने, जो भाग नुसत्या फायबरवर स्क्रूने बसवला आहे त्याला चॅसीपर्यंत स्वतंत्र तार लागते. अपघातानंतर बॉडीचा तुकडा बदलताना किंवा नव्याने रंगकाम करताना अशी एखादी तार जोडायची राहून जाते, कधी तिच्या टोकाखाली रंगाचा थर बसतो, आणि चांगल्या स्थितीतला स्विच वा हॉर्न निकामी समजून फेकला जातो. म्हणून जाणकार कारागीर सुटे भाग मागवण्याआधी हॉर्नला बॅटरीवरून दोन सुट्या तारांनी थेट बारा व्होल्ट देऊन पाहतात. तो तसा वाजला, तर दोष तारांत, स्विचमध्ये किंवा अर्थमध्ये आहे हे ठरते आणि मल्टिमीटरने एकेक जोड तपासता येतो.

मागचे कुलूप हा या यंत्रणेतला सर्वांत दुबळा भाग म्हणता येईल, कारण चाकांनी उडवलेले पाणी आणि धूळ यांचा मारा त्याला वर्षानुवर्षे सोसावा लागतो. आतले संपर्कबिंदू हिरवट पडले असतील तर काळजीपूर्वक घासून ते पुन्हा वापरता येतात. मूळ किल्ली हरवली असेल, तर हे कुलूप फोडण्यापेक्षा काढून अनुभवी कुलूपवाल्याकडे नेणे बरे. दारातला खटका झिजला की दार लावलेले असूनही तो पुरेसा दाबला जात नाही, आणि मध्यरात्री उगाच वाजणाऱ्या अलार्मचे मूळ बहुधा तिथे सापडते. बॅटरीची जागा मात्र चोराला अडचणीची आहे: या पिढीत ती आसनांमागच्या कप्प्यात असते आणि बॉनेट उघडण्याची कळही आतच असते, त्यामुळे अलार्मची वीज तोडायची तरी दार आधी उघडावे लागते.

नवी वायरिंग तयार मिळत असताना जुनी राखण्याचा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. जळालेले किंवा ठिसूळ झालेले इन्सुलेशन आगीला निमंत्रण देते, तिथे मूळपणाचा हट्ट धरणे गैरच. पण नंतर कोणी बसवलेल्या बाजारी अलार्मच्या तारा मूळ वायरिंगमध्ये चिमटे मारून जोडलेल्या असतात, त्या काढून टाकल्या की पुष्कळदा मूळ मंडल आहे तसे चालू होते. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीच्या परीक्षणात गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा जशी होती तशी आज आहे का, हे पाहिले जाते आणि तिचे भाग चालू आहेत का, याचीही तपासणी होते, त्यामुळे नुसते दिखाऊ कुलूप बसवून भागत नाही.

मूळ काय, हे ठरवताना वर्षही पाहावे लागते. १९७४ मध्ये कुलूप मागून पुढच्या डाव्या फेंडरवर आले, आणि १९७८ पासून छताचे काढता येणारे दोन तुकडेही अलार्मच्या कक्षेत घेतले गेले. पुढच्या पिढीतील १९८६ च्या कॉर्व्हेटमध्ये किल्लीच्या पात्यातच एक लहानसा रेझिस्टर बसवण्यात आला. त्याची पंधरा मूल्ये होती, आणि गाडीला अपेक्षित मूल्य मिळाले नाही तर स्टार्टर फिरतच नसे. या यंत्रणेत किल्लीच्या कुलपापासून स्टिअरिंगच्या दांड्यातून खाली जाणाऱ्या बारीक तारा वापराने तुटतात, आणि मग डॅशबोर्डमागे त्याच मूल्याचा कायमचा रेझिस्टर जोडून काम भागवले जाते. गाडी त्याने सुरू होते, पण मग रेझिस्टर नसलेल्या साध्या किल्लीनेही ती तितक्याच सहज सुरू होते; त्यामुळे कुलूप उतरवून ते तारांसह बदलण्याचे किचकट काम पत्करलेलेच बरे.