टिकाऊपणा डब्यात मिळत नाही

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जुळवलेला फार्गो किंवा 1954 पासून जमशेदपूरहून निघू लागलेल्या टाटा-मर्सिडीजपैकी एखादा ट्रक कुणी पुन्हा उभा करायला घेतला, की चासीपाशी एक प्रश्न हमखास येतो: सगळ्यात टिकाऊ रंग कुठला? पहिला गैरसमज या प्रश्नातच आहे. अशा ट्रकची चासी म्हणजे दोन लांब सी-चॅनेल आणि त्यांना रिव्हेटने जखडलेले आडवे क्रॉसमेंबर. चॅनेलच्या मोकळ्या अंगावर मध्यम प्रतीचा रंगही बरीच वर्षं तग धरतो. चासी खाल्ली जाते ती जोडावर. दोन पत्र्यांमधल्या फटीत चिखलपाणी शिरतं, तिथे वारा पोचत नाही आणि तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. त्या दाबाने जाड पत्राही फाकतो. म्हणून रंग निवडताना पाहायचं ते एवढंच, की तो लोखंडाला किती घट्ट धरतो, ओल किती अडवतो आणि टवका उडाला तर जागच्या जागी दुरुस्त होतो का.

या कसोटीवर आपल्याकडचा लाडका रेड ऑक्साइड कमी पडतो. त्यातला लाल रंग आयर्न ऑक्साइडचा, म्हणजे गंजाच्याच कुळातला. तो गंजाशी लढत नाही. जे काही रक्षण होतं ते त्याला बांधून ठेवणाऱ्या रेझिनमुळे, आणि साध्या प्रायमरमधून ओल झिरपतेच. नुसता रेड ऑक्साइड मारून गाडी पावसाळाभर उघड्यावर ठेवली तर खालून गंज उमटतो. जुना रेड लेड वेगळा. तो शिशाचा शेंदरी प्रायमर गंज खरोखर रोखायचा, पण शिसं विषारी. जुन्या ट्रकवर त्याचे थर अजून असू शकतात, तेव्हा रंग कोरडा घासून धूळ उडवणं धोक्याचं.

दुसरं टोक पावडर कोटिंगचं. नव्या गाड्यांचे भाग तसेच येतात, मग जुन्याला का नको, हा आक्षेप बिनतोड वाटतो. थर कठीण आणि देखणा असतो हे खरंच. पण नवे भाग सुटे आणि स्वच्छ असतात. जुळलेल्या चासीत विद्युतभाराने चिकटणारी पावडर आतल्या कोपऱ्यांत आणि फटींत नीट जात नाही. भट्टीच्या 180 ते 200 अंश सेल्सिअसला जोडात मुरलेलं जुनं ग्रीस पाझरतं आणि तिथे थर धरत नाही. पुढे दगड लागून टवका उडाला की पाणी त्या कडेने आत सरकतं. वरून सगळं अखंड दिसतं, खाली गंज पसरत राहतो. दुरुस्तीला पावडरच हवी तर चासी पुन्हा सोडवून भट्टीत न्यायची. कोण नेणार?

माझा कौल टू-पॅक इपॉक्सी प्रायमर आणि वर काळा पॉलियुरेथेन या जोडीला आहे. इपॉक्सी घट्ट धरतो, ओल अडवतो, पण उन्हात त्याच्या पृष्ठभागाची भुकटी होऊ लागते. म्हणून पॉलियुरेथेन हवाच. (त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतं. गनने मारताना तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो.) झिंकचा प्रायमर याहून सरस असं म्हणणारे चुकत नाहीत, पण अर्धंच सांगतात. जस्त लोखंडाऐवजी स्वतः झिजतं, त्यासाठी ते उघड्या धातूला थेट टेकलं पाहिजे. गंजावर मारलेलं झिंक म्हणजे नुसता महागडा राखाडी रंग. रस्ट कन्व्हर्टरही पातळ, घट्ट बसलेल्या गंजापुरतंच काम करतं, पापुद्र्यांच्या तळाशी पोचत नाही. तेव्हा पैसा खर्चायचा तो ब्लास्टिंगवर: आधी ग्रीस धुवायचं, मग एसए अडीच या दर्जापर्यंत लोखंड साफ करायचं आणि ते पुन्हा लालसर व्हायच्या आत प्रायमर मारायचा. मुंबई-कोकणात हे काम पावसाळ्यात काढू नये. आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असेल, किंवा लोखंड दवबिंदूपेक्षा किमान 3 अंशांनी गरम नसेल, तर रंग न दिसणाऱ्या ओलीवर बसतो. जाड थर दिला की झालं, हीसुद्धा समजूतच. धारदार कडा आणि रिव्हेटच्या डोक्यांवरून ओला रंग ओसरून पातळ होतो, तिथे आधी ब्रशने एक जादा हात द्यावा.

अस्सलपणाचा आग्रह धरणारे विचारतील, मुळात साधा काळा इनॅमल असताना हे कशाला? काळ्याची चमक मूळ गाडीसारखी बेताची ठेवली तर खालचा थर कुणाला दिसत नाही. फटींना मात्र कुठलाच रंग पुरा पडत नाही. तिथे रंग पूर्ण सुकल्यावर आत झिरपणारं कॅव्हिटी वॅक्स सोडावं. चासीला जळकं ऑईल मारायची गॅरेजची रीत याच तर्काची आहे, पण ते पावसात धुऊन मातीत जातं, रबरी बुश फुगवतं आणि नंतर त्या जागी रंग धरत नाही. डांबरी अंडरकोट तर जुना झाला की तडकतो आणि त्याच्या आड पाणी साठतं. चासी ब्लास्टिंगला देण्यापूर्वी तिच्यावर ठोकलेला नंबर जाड टेपने झाकून घ्यावा आणि ती जागा नंतर हाताने साफ करून तिथे पातळच थर द्यावा. आरटीओच्या तपासणीत तो वाचता आला पाहिजे.