इंजिन बंद, पाणी चालू

अलिबागजवळच्या एका गॅरेजात पेट्रोल इंजिनाच्या जुन्या जीपला टर्बोचार्जर बसवला होता. कार्ले खिंडीचा चढ चढून आल्यावर चहासाठी गाडी थांबवायची, असा मालकाचा शिरस्ता. थोड्याच महिन्यांत टर्बोचे बेअरिंग जळाले. आम्ही पाहायला गेलो तेव्हा तिथला तरुण कारागीर म्हणाला, "सर, चालत्या गाडीत तापमानाचा काटा कधीच वर गेला नाही. मग हे जळलं कसं?"

प्रश्नातच उत्तर दडलेले आहे. बिघाड गाडी चालताना होत नव्हता, ती थांबल्यावर होत होता.

टर्बोचार्जर म्हणजे एका दांड्यावर बसवलेली दोन पंख्यांची जोडी. इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू एक पंखा फिरवतो आणि दुसरा पंखा इंजिनात जास्त हवा कोंबतो. ही कल्पना जुनी आहे. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली तिचे पेटंट घेतले. पेट्रोल इंजिनात हा वायू सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, आणि दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. त्याच्या बेअरिंगला वाहते तेल आणि भोवतीच्या पोकळीतले पाणी थंड ठेवतात.

इंजिन बंद केले की तेलाचा पंप थांबतो आणि पाण्याचाही. पण तापलेले लोखंड लगेच निवत नाही. त्याची उष्णता दांड्यातून बेअरिंगकडे सरकत राहते. तिथे अडकलेले तेल करपते, त्याचा कोळसा होतो आणि तेलाच्या वाटा बुजतात.

मग पंपाशिवाय पाणी फिरणार कसे? शाळेत शिकवलेल्या अभिसरणाने! तापलेले पाणी हलके होऊन वर जाते, त्याच्या जागी थंड पाणी येते. गच्चीवरचा सौर बंब याच तत्त्वावर चालतो. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' मोटारीचे इंजिनही पंपाशिवाय असेच थंड होत असे.

पण हा रेटा किती असतो? ६० अंशांच्या एक लिटर पाण्याचे वजन सुमारे ९८३ ग्रॅम, तर ९५ अंशांच्या पाण्याचे ९६२ ग्रॅम. समजा, टर्बोपासून पाण्याची टाकी ३० सेंटिमीटर उंच आहे. मग मिळणारा दाब जेमतेम ६ मिलिमीटर उंचीच्या पाण्याइतका! पंपाचा दाब कित्येक मीटर पाण्याइतका असतो. नळीच्या उंचवट्यात अडकलेला हवेचा बुडबुडा पंप सहज रेटून नेतो. ६ मिलिमीटरच्या रेट्याला तो हलत नाही.

जीपमध्ये नेमके हेच झाले होते. परतीची नळी इंजिनावरून कमान करून पुन्हा खाली रेडिएटरकडे आणली होती. पंप चालू असेपर्यंत सारे ठीक. तो थांबताच कमानीतल्या हवेने आणि वाफेने वाट अडवली. उपाय सोपा होता. पाणी टर्बोच्या खालच्या तोंडातून आत घेतले, वरच्या तोंडातून बाहेर काढले, आणि परतीची नळी कुठेही खाली न उतरवता सर्वांत उंच ठेवलेल्या टाकीत सोडली. नळी गरम भागांपासून दूर ठेवली. किनाऱ्यालगतच्या विहिरीचे मचूळ पाणी न भरता ऊर्ध्वपातित पाण्यात कूलंट मिसळून भरले, कारण क्षारांमुळे धातू गंजतो. आता इंजिन बंद केल्यावरही काही मिनिटे नळीचे टाकीकडचे टोक तापत राहते.

वर्गात हे दाखवता येईल. शंकुपात्राला दोन छिद्रांचे बूच लावा. एक नळी बुचाच्या लगेच खाली संपू द्या, दुसरी तळापर्यंत न्या. दोन्हींची दुसरी टोके वर ठेवलेल्या उघड्या भांड्यातल्या पाण्यात बुडवा. आखूड नळीचे टोक पृष्ठभागाजवळ, लांब नळीचे तळाशी. सर्व हवा काढून पात्र मंद आचेवर तापवा, उकळू देऊ नका. भांड्याच्या तळाशी पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकला की रंगीत पाणी लांब नळीतून खाली येताना दिसेल. मग आच काढून आखूड नळीची उंच कमान करा, तिच्यात हवा शिरू द्या, आणि पाण्याचे काय होते ते विद्यार्थ्यांना पाहू द्या. कारण मात्र त्यांनीच सांगावे.