नाला पावसाचा, पाणी मोरीचे

जानेवारीत मुंबईत पाऊस नसतो. तरी आमच्या वस्तीमागचा नाला काळाभोर वाहतच असतो. हे पाणी येते कुठून?

शहरात वाहिन्या दोन प्रकारच्या. संडास-मोरीचे सांडपाणी मलनिःसारण वाहिनीतून प्रक्रिया केंद्राकडे जाते. पावसाचे पाणी नाल्यांतून, कोणतीही प्रक्रिया न होता, थेट खाडीला व समुद्राला मिळते. ज्या वस्त्यांना मलनिःसारण वाहिनीची जोडणीच नाही, त्यांची मोरी नाल्यातच सुटते. मिठी नदी अशा नाल्यांची घाण माहीमच्या खाडीत नेते.

जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ही क्षमता दुप्पट करायला सांगितले. बरेचसे काम कागदावरच राहिले आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. नाल्याचे पाणी आमच्या घरात शिरले. पुढे हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह येथे उदंचन केंद्रे झाली. पाणी लवकर उपसले जाते, पण स्वच्छ होत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. कोरड्या दिवसांत नाल्याचे सांडपाणी समुद्राआधी अडवून प्रक्रियेकडे वळवा. प्रत्येक वस्तीला जोडणी द्या. गाळ यंत्राने काढा, माणूस गटारात उतरवू नका. २०१३ चा कायदाही तेच सांगतो.

आपणही प्लास्टिक नाल्यात टाकू नये. मात्र जोडणी नाकारून वर वस्तीलाच घाणेरडी म्हणणे आम्ही ऐकून घेणार नाही.