ग्वादालूपेच्या मातेचे वस्त्र

मेक्सिको शहराच्या उत्तर भागात तेपेयाक नावाची टेकडी आहे. तिच्या पायथ्याशी १९७६ साली उभारलेल्या विशाल चर्चमध्ये काचेआड एक जुने वस्त्र जतन केलेले आहे. त्यावर निळसर-हिरवे प्रावरण पांघरलेली, खाली दृष्टी लावलेली मेरीमाता दिसते. १५३१ मध्ये हुआन दिएगो या गरीब स्थानिक माणसाला मातेने दर्शन दिले आणि घायपाताच्या धाग्यांनी विणलेल्या त्याच्या अंगवस्त्रावर तिचे रूप आपोआप उमटले, अशी भाविकांची श्रद्धा आहे. मानवी हाताने हे चित्र काढलेच नाही, हा त्या श्रद्धेचा गाभा होय.

शंकाही जवळजवळ तितकीच जुनी. हे चित्र मार्कोस नावाच्या स्थानिक चित्रकाराने रंगविले, असे फ्रान्सिस्को दे बुस्तामांते या धर्मगुरूने १५५६ मध्ये प्रवचनातच सांगितले होते.

१९७९ मध्ये फिलिप कॅलहॅन या अमेरिकन संशोधकाने अवरक्त किरणांच्या साहाय्याने या वस्त्राची छायाचित्रे घेतली. हे किरण रंगाच्या काही थरांतून आरपार जात असल्याने खालची रेखाटने वा मागाहून केलेली भर उघडकीस येऊ शकते. आपल्याकडे मूर्तीवर शेंदराची पुटे चढत जातात, तशी या चित्रावरही चंद्रकोर, सोनेरी किरण आणि देवदूत यांची भर पुढे पडली असावी, असे त्यांचे मत झाले. मूळ मुखाचा व वस्त्रांचा उलगडा मात्र आपणांस होत नाही, असे ते म्हणाले.

१९८२ मध्ये होसे सोल रोसालेस या चित्रसंवर्धकाने सूक्ष्मदर्शकातून वस्त्र न्याहाळले. कापड घायपाताचे नसून अळशीच्या व भांगेच्या तंतूंचे असावे. त्यावर आधी पांढरे अस्तर दिलेले आहे. पाइन वृक्षाच्या काजळीचा काळा, निरनिराळ्या मातींचे व इतर रंग आणि सोने, अशी त्या काळी चित्रकारांच्या वापरातली द्रव्येच येथे आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा अहवाल वीस वर्षे लोकांसमोर आला नाही. २००२ मध्ये ‘प्रोसेसो’ या साप्ताहिकाने तो प्रकाशात आणला. त्याच वर्षी ३१ जुलै रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी मेक्सिकोत हुआन दिएगो यास संतपद बहाल केले. भक्तांची रीघ ओसरली नाही.

मूर्ती पाथरवटाने घडविली हे जाणूनच आपण तिची प्राणप्रतिष्ठा करतो. म्हणून हा वाद आपणांस कदाचित क्षुल्लक वाटेल. पण ज्यांच्या श्रद्धेचा आधारच ‘हाताविना उमटलेले रूप’ हा आहे, त्यांना तो जिव्हारी लागणे स्वाभाविक आहे. तरीही आम्हांस वाटते की, मार्कोसचे नाव खरे ठरले तर मातेचे महत्त्व उणावणार नाही. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी ज्यांचे राज्य बुडविले, त्यांच्याच एका मुलाने जेत्यांच्या देवमातेस आपल्या मातीच्या रंगांत साकारले, ही गोष्ट चमत्काराहून लहान नव्हे. सूक्ष्मदर्शक रंग दाखवितो. त्यापुढे हात का जोडले जातात, हे सांगणे त्याचे काम नाही.